फॉस्फेटच्या बाटलीतली पुरचुंडी

सांगू की नको, असं चाललंय माझं. कारण एकदा सांगितलं की तुम्ही पुढचं वर्षभर माझ्या हातचा मसालेभात खाताना हसणार. पण चहा ओतून झालाय, बाहेर हॅमिल्टनचं धुकं उतरलंय, आणि माझा नवरा, हा नीलेश, आत्तापासूनच गालातल्या गालात हसायला लागलाय. म्हणजे मी नाही सांगितलं तर तो सांगणार. आणि तो तिखटमीठ लावून सांगतो. त्यापेक्षा माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका.

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे. एकदा मनात घेतलं की घेतलं. आमची आई म्हणायची, "मेधा म्हणजे नुसती घोरपड आहे, धरलं की सोडत नाही!" तर ही घोरपड इथे न्यूझीलंडला, हॅमिल्टनच्या रोटोटुना भागात आली आणि बरीच वर्षं लेकीच्या, इराच्या मागे घरात बसली. पुण्याची एम.एस्सी. केमिस्ट्री, डिग्रीची फाईल कपाटात वरच्या फळीवर, आणि मी खाली सँडविचच्या कडा कापतेय! मग एक दिवस ठरवलं, बास झालं. आता लॅबमध्ये काम करायचं म्हणजे करायचंच.

अर्ज केले. 'तुम्हाला इथला अनुभव नाही' हे ऐकून ऐकून कान किटले. तरी सोडलं नाही. शेवटी एका छोट्याशा लॅबने बोलावलं. आजूबाजूच्या फार्मांवरचं दूध आणि पाणी तपासणारी लॅब. तिची मुख्य ग्लेनिस. साठीला टेकलेली, आखूड पांढरे केस, जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून गाडी चालवत येणार आणि लॅबच्या दारात बूट चढवणार. बोलणं मोजकं. माझ्या नावातला 'ध' तिला जमत नाही. मला म्हणाली, "मेडा, आधी ट्रायल. काम पटलं तर कायम. नाही पटलं तर आपण चहा पिऊ आणि तू घरी जा."

मी मनात म्हटलं, बाई, चहा मी तुला रोज पाजेन, पण घरी काही जात नाही. तोवर मी अख्ख्या मराठी मंडळाला 'लॅब जॉइन केलीय' म्हणून सांगून ठेवलं होतं ना! गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात माइकवरून अभिनंदनसुद्धा झालं होतं. आता ट्रायलमध्ये नापास होऊन परत सँडविच कापायला बसले, तर तोंड कुठे लपवू?

तर काम काय, दूध तपासायचं तर आधी ते पातळ करावं लागतं. पण साध्या पाण्याने नाही. त्यासाठी फॉस्फेट घालून केलेलं खास पाणी लागतं. त्याला आम्ही बफर म्हणतो. दुधातल्या जंतूंना त्यात आंबट लागता कामा नये, तुरट लागता कामा नये. सासरी आलेल्या जावयासारखी त्यांची बडदास्त ठेवायची आणि मग ते किती आहेत ते मोजायचं. हे बफर बनवायचं काम ग्लेनिसने माझ्याकडे दिलं.

आणि तिथे मला भेटलं डायपोटॅशियम फॉस्फेट. लॅब ग्रेड!

अहो, काय सांगू! पांढरंशुभ्र, वास नाही, पाण्यात टाकलं की क्षणात गायब. मागे खूण नाही, गाळ नाही, पाणी जसं होतं तसं आरशासारखं. बाटलीवर लेबल बघाल तर थक्क व्हाल. आत काय आहे ते एका ओळीत, आणि आत काय नाही ते दहा ओळींत. क्लोराइड इतक्यापेक्षा कमी, लोह इतक्यापेक्षा कमी, शिसं तर जवळजवळ नाहीच. शुद्धता नव्याण्णवच्या वर. आपल्याकडे पत्रिका जुळवतानासुद्धा इतकं बघत नाहीत.

मला त्या बाटलीबद्दल एकदम आपुलकीच वाटायला लागली. पण या गुणी बाळात एक खोट होती. हावरट! हवेतलं पाणी ओढून घ्यायचं त्याला व्यसन. झाकण जरा वेळ उघडं राहिलं की बसलंच गोळा होऊन. आणि हॅमिल्टनची हवा कशी आहे ते मी तुम्हाला सांगायला नको. हिवाळ्यात इथे टॉवेल वाळत नाहीत, तिथे हे बिचारं काय कोरडं राहणार? मी चमचा घालायला जावं तर आत दगड. खरवडून खरवडून मनगट दुखायला लागलं. शिवाय ओलं झालं की वजन चुकतं. तुम्ही मोजता फॉस्फेट आणि ताजव्यात अर्धं पाणीच!

ग्लेनिसला सांगितलं. ती म्हणाली, "झाकण पटकन लाव. आणि बाटली त्या काचेच्या भांड्यात ठेव, आत ओल शोषणारे मणी आहेत."

मणी बघितले तर ते कधीच दमले होते. नवे मागवलेत म्हणाली, येतील. न्यूझीलंडात 'येतील' म्हणजे बोट निघालीय कुठूनतरी. आता तोवर मी काय हातावर हात धरून बसू?

आता मला सांगा, तुमच्या घरी मिठाला पाणी सुटलं तर तुम्ही काय करता?

बघा! सगळ्यांनी एकदम 'तांदूळ' म्हटलं की नाही? मग मी वेगळं काय केलं?

मी घरी गेले, मूठभर कोलम कोरडा भाजला. भाजला अशासाठी की कच्च्यात पोरकिडे होतात, आणि लॅबमध्ये स्वच्छता महत्त्वाची. नुसते दाणे बाटलीत टाकायला मी काय अडाणी आहे? श्रीखंडाचा चक्का बांधायचं मलमलचं फडकं होतं, त्याचा तुकडा उकळून, वाळवून, इस्त्री करून घेतला. त्यात तांदूळ बांधले. इवलीशी, सुबक पुरचुंडी झाली. दुसऱ्या दिवशी ती फॉस्फेटच्या बाटलीत मधोमध खुपसून ठेवली. कुणापासून लपवून नाही हं. त्या वेळी कुणी बघत नव्हतं, इतकंच. आणि त्यात सांगण्यासारखं काय होतं? आपण पाहुण्यांना मीठ वाढताना 'यात तांदूळ आहेत बरं का' असं म्हणतो का?

गुण आला! अर्धा पुरचुंडीने आला आणि अर्धा मी रोज बाटली टेबलावर आपटून, खुळखुळ्यासारखी हलवून आणला. पण पावडर मोकळी झाली. एकदा ग्लेनिस डोकावली, चमच्यातून भुरभुर पडणारी पावडर बघून म्हणाली, "स्वीट ॲज!" म्हणजे इथल्या बोलीत 'झकास!' मी त्या दिवशी घरी शिरा केला.

आणि मग, व्हायचं तेच झालं. एका सोमवारी बफर धुरकट निघालं.

म्हणजे बफर तयार केलं की बाटल्या एका मोठ्या यंत्रात वाफेवर शिजवून काढतात. प्रेशर कुकरच समजा, आपल्या लग्नातल्या पातेल्याएवढा. बाहेर काढल्यावर पाणी स्वच्छ दिसायला हवं. हे मात्र पातळ पेजेसारखं दिसत होतं. आता 'पेजेसारखं' हा शब्द मीच वापरला हो! ग्लेनिसला मीच म्हटलं, "इट लुक्स लाइक राइस वॉटर!" तरी डोक्यात उजेड पडला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

ते ओतून दिलं. पुन्हा केलं. पुन्हा धुरकट. ग्लेनिसने कपाळाला आठ्या घातल्या. धुरकट बफर वापरायचं नाही, म्हणजे दूध तपासायचं नाही, म्हणजे फार्मवाल्यांचे रिपोर्ट अडकले. फोन यायला लागले. बरं, ट्रायल संपत आलेली. शुक्रवारी ग्लेनिस माझ्याबद्दल निर्णय घेणार होती आणि सोमवारपासून माझ्याच हातचं बफर बिघडत होतं! पण मी रडणाऱ्यांतली नाही. मी पदर खोचला. म्हणजे लॅबकोटाच्या बाह्या वर केल्या.

पाणी तपासलं. चोख. काचेची भांडी पुन्हा धुतली. चकचकीत. कुकर दुसरा लावून बघितला. तेच. मग राहिलं काय? फॉस्फेट! मी लेबलकडे बघितलं. नव्याण्णवच्या वर म्हणे! आणि माझ्या डोक्यात एकच शब्द पेटला.

भेसळ!

तुम्ही हसताय, पण आपण कुठून आलोय ते आठवा. मिऱ्यांत पपईच्या बिया, तिखटात विटेची पूड, खव्यात पीठ. आपण लहानपणापासून प्रत्येक पुडीकडे संशयाने बघत मोठे झालोय. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो, आणि मी तर आता दुधाच्याच लॅबमध्ये होते. या गोऱ्यांना काय कळणार? लेबल वाचतात आणि विश्वास ठेवतात, बिचारे.

मी माल पुरवणाऱ्या कंपनीला फोन लावला. पलीकडे क्रेग नावाचा माणूस. आवाज अगदी लोण्यासारखा.

"आमचा माल तपासूनच येतो, मॅम. हवं तर सर्टिफिकेट पाठवतो."

"सर्टिफिकेट माझ्याकडेही आहे. मला पावडरबद्दल बोलायचंय."

"बाटली उघडल्यावर काही मिसळलं गेलं असेल का?"

अहो, हे ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं! मिसळलं? माझ्या बाटलीत? मी त्याला सुनावलं, "मिस्टर क्रेग, ती बाटली फक्त मी हाताळते. माझा चमचासुद्धा वेगळा आहे. काढलेली पावडर मी कधी परत आत टाकत नाही. इतकं सोवळं आमच्या आजीनेसुद्धा पाळलं नसेल!" सोवळं हा शब्द मी मराठीतच म्हटला. त्याला काय कळलं कोण जाणे, पण गुरुवारी स्वतः येतो म्हणाला.

घरी येऊन मी नीलेशला सगळं सांगितलं. हा आयटीतला. ह्याला वाटतं सगळं बंद करून परत चालू केलं की होतं.

"अगं, ट्रायलवर आहेस. सप्लायरशी कशाला भांडतेस?"

"का नको? शुद्धतेशी तडजोड?"

"तुझंच काही चुकलं असलं तर?"

"माझं?" मी असा आवाज लावला की इरा खोलीतून बाहेर आली. "आई, द नेबर्स कॅन हिअर यू."

"ऐकू देत! अरे, वस्तू शुद्ध म्हणजे शुद्ध! त्यात दुसरा कणसुद्धा नको. कण!"

हे मी बोलत होते तेव्हा नीलेश पोह्यांवर वरून मीठ भुरभुरवत होता. मिठाबरोबर एक तांदूळ माझ्या पोह्यांत पडला. मी तो बोलता बोलताच चिमटीत धरला, बशीच्या कडेला ठेवला आणि कणावरचं भाषण पुढे चालू केलं. आणि हे मला आठवतंय, म्हणजे बघा! डोळ्यांनी बघितलं, बोटांनी उचललं, पण डोक्यापर्यंत काही पोचलं नाही. मिठातले तांदूळ आपल्या हिशेबी 'दुसरं काही' नसतातच ना!

गुरुवार उजाडला. क्रेग आला. ताडमाड उंच, कडाक्याच्या थंडीत शॉर्ट्स, हातात त्याच लॉटची नवी सीलबंद बाटली. "किओरा," म्हणाला, म्हणजे इथला नमस्कार. मीही 'किओरा' म्हटलं, पण जरा कडकच.

टेबलाच्या एका बाजूला तो, एका बाजूला मी, मध्ये ग्लेनिस हाताची घडी घालून. दोन चंचुपात्रं घेतली. एकात त्याच्या बाटलीतलं फॉस्फेट, एकात माझ्या. दोन्ही विरघळवलं, उकळलं, गार केलं. त्याचं पाणी आरशासारखं. माझं, पेज.

क्रेग म्हणाला, "लॉट तोच आहे. माझी बाटली स्वच्छ आहे."

"तुम्ही मुद्दाम चांगली निवडून आणली असणार."

"सीलबंद आहे, मॅम."

"आमच्याकडे सीलबंद बाटल्यांतसुद्धा काय काय निघतं, ते तुम्हाला सांगत बसले तर संध्याकाळ होईल!"

ग्लेनिस खोकली. मग आम्ही एकेक तपासण्या केल्या. आम्लता-अल्कता? दोन्हींची सारखी. क्लोराइड? दोन्हींत नगण्य. लोह? नाहीच. क्रेगच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू यायला लागलं. ग्लेनिसच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं, आणि ते जास्त वाईट होतं. माझा शुक्रवार माझ्या डोळ्यांदेखत बुडत होता.

आणि त्या क्षणी मला बुद्धी सुचली. कुठून सुचली देव जाणे, पण सुचायला नको होती. मला आठवली आमच्या पुण्याच्या घरची दिवाळी. आई बाजारचा खवा आणला की त्यावर आयोडिनचा थेंब टाकायची. निळा पडला की पीठ मिसळलंय! मी गर्जना केली, "आयोडिन!"

जंतू रंगवायला आयोडिन लॅबमध्ये असतंच. मी ती बाटली आणली. मी एम.एस्सी. आहे हेही दाखवायचं होतं, म्हणून आधी दोन्ही पात्रांत आम्लाचे थेंब टाकले आणि म्हटलं, "अल्कधर्मी पाण्यात आयोडिनचा रंग टिकत नाही." ग्लेनिसने मान डोलावली. मग क्रेगच्या पात्रात एक थेंब. फिकट पिवळं. मग माझ्या पात्रात एक थेंब.

निळं! शाईसारखं निळंशार! जवळजवळ काळंच!

काय सांगू तुम्हाला त्या आनंदाचं! मी टाळी वाजवली. लॅबमध्ये टाळी! "स्टार्च! पीठ! तुमच्या फॉस्फेटमध्ये पिठाची भेसळ आहे!"

क्रेग पांढराफटक पडला. त्याने पात्र उजेडात धरून बघितलं, पुन्हा बघितलं. "माझ्या उभ्या आयुष्यात असं..." एवढंच म्हणाला आणि फोन घेऊन कोपऱ्यात गेला. मला तुकडे ऐकू येत होते. "हो, स्टार्च... हो, माझ्यासमोर... लॉट थांबवा... सगळ्यांना कळवा." सगळे म्हणजे कोण माहितेय? ऑकलंडपासून डनीडनपर्यंत ज्यांनी ज्यांनी ती पावडर घेतली होती ते सगळे! त्या सगळ्यांना कळवणार होते, की बाटल्या बाजूला ठेवा, हॅमिल्टनच्या एका हुशार बाईने भेसळ पकडलीय.

आणि इकडे ग्लेनिस! मोजकं बोलणारी ग्लेनिस पुढे आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मेडा, शुक्रवारची वाट बघायची गरज नाही. मला अशीच माणसं हवीत. तू कायम."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. खरंच सांगते. इतकी वर्षं, इतके अर्ज, आणि आज! मी मनातल्या मनात मंडळाच्या माइकवर उभीसुद्धा राहिले होते.

क्रेग फोन ठेवून आला. म्हणाला, "मला ही बाटली पुरावा म्हणून न्यावी लागेल. आहे तशी. सील करून." त्याने पिशवी काढली, चिकटपट्टी काढली, झाकण लावायला गेला.

आणि मी म्हटलं, "एक मिनिट हं. त्यातलं माझं तेवढं काढून घेते."

अहो, चांगलं मलमल होतं ते! इथे कुठे मिळतं तसं फडकं? ते काय ऑकलंडच्या हेड ऑफिसला फुकट पाठवायचं?

मी चिमटा घेतला, बाटलीत घातला, आणि त्या दोघांच्या डोळ्यांदेखत अलगद पुरचुंडी बाहेर काढली. वर झटकलीसुद्धा, पावडर वाया जायला नको म्हणून. झटकल्यावर त्यातून बारीक पांढरी धूळ उडाली.

ग्लेनिस पुढे वाकून बघायला लागली.

"व्हॉट इज दॅट?" ग्लेनिसने विचारलं.

"हे? राइस," मी म्हटलं.

आणि तो शब्द तोंडातून बाहेर पडला, हवेतून फिरला आणि माझ्या कानांतून आत गेला. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. उजेड कसला, वीजच पडली! मी रोज ती बाटली आपटत होते, हलवत होते. आत भाजलेल्या ठिसूळ तांदळाचं पीठ होत होतं आणि मलमलमधून चाळून, वस्त्रगाळ होऊन फॉस्फेटमध्ये पडत होतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना? इथे चोर बोंबा मारून थांबला नव्हता, त्याने पोलिसांना आयोडिनसुद्धा आणून दिलं होतं.

क्रेगने आयोडिनची बाटली उचलली आणि पुरचुंडीवर एक थेंब टाकला. काळी ठिक्कर.

"रोस्टेड," मी म्हटलं. का म्हटलं, मला विचारू नका. काहीतरी चांगली बाजू सांगावी असं वाटलं.

"का रोस्टेड?" ग्लेनिसचा आवाज विहिरीतून यावा तसा.

"किडे होऊ नयेत म्हणून."

क्रेग पाठ वळवून खिडकीकडे गेला. त्याचे खांदे हलत होते. रडत होता की हसत होता, मला बघवेना. मग त्याने फोन कानाला लावला. "अरे नाही, नाही, लॉट सोडा. हो. भात निघाला." पलीकडून काहीतरी मोठ्याने विचारलं गेलं. "भात! राइस! मेट, मी नंतर सांगतो."

आता माझी गंमत बघा. मघाशी मिळालेली नोकरी मघाशीच गेली, हे मला दिसत होतं. भुईने पोटात घ्यावं असं वाटत होतं. पण घोरपडीने धरलेली भिंत ती सोडते का? मी ताठ उभी राहिले आणि म्हटलं, "ग्लेनिस, चूक माझी आहे. पूर्ण माझी. पण बफर धुरकट दिसायला लागल्यापासून एकही रिपोर्ट गेलेला नाही. त्याआधीचं जे जे बफर मी केलं, त्या प्रत्येकाचा नमुना कपाटात आहे. आत्ता, तुझ्यासमोर, प्रत्येकावर आयोडिन टाकते. ज्याचा रंग बदलेल त्याचं दूध मी पुन्हा तपासणार. फार्मवाल्यांना फोन मी करणार. आणि क्रेगच्या हेड ऑफिसला माफीचा फोनही मीच करणार."

ग्लेनिस खुर्चीत बसली. "कर," म्हणाली.

केलं. एकेक नमुना काढला. आधी आम्लाचे थेंब, मग आयोडिनचा. पिवळा. पिवळा. पिवळा. बफर धुरकट व्हायच्या अगदी आधीच्या खेपेत किंचित हिरवट झाक वाटली, तर ते दूधही पुन्हा लावायला घेतलं. क्रेगच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "मॅम, तक्रार मागे घेताना कारण काय सांगू?" मी म्हटलं, "सांगा, की माल शंभर नंबरी आहे, गिऱ्हाईक भेसळीचं आहे."

संध्याकाळी सगळं आवरलं. नवी बाटली उघडली, नवं बफर केलं, कुकरमधून काढलं. झऱ्याच्या पाण्यासारखं स्वच्छ! ग्लेनिसने ती बाटली उजेडात धरली, माझ्यासमोर ठेवली. मी लॅबकोटाची बटणं काढायला लागले. म्हटलं, आता ती चहाचं विचारणार. आधी चहा, मग घर.

"कुठे निघालीस?" तिने विचारलं.

"तू म्हणाली होतीस, पटलं नाही तर..."

"बस खाली." आणि ग्लेनिस हसायला लागली. अहो, ही बाई हसते हेच मला माहीत नव्हतं! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, टेबलावर हात आपटून हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "मेडा, मी तीन माणसं शोधत होते. बिघाड झाला की तक्रार करणारी एक, बिघाड सिद्ध करून दाखवणारी एक, आणि तो निस्तरणारी एक. तू एकटीच तिन्ही कामं करतेस. तुला कशी सोडू?"

मला इतका आनंद झाला की मी तिचा हातच धरला. "थँक यू, ग्लेनिस! थँक यू!"

"फक्त एक," ती म्हणाली. "इतकी वर्षं आमची अडचण हीच होती, की निस्तरायला माणूस मिळाला तरी बिघाड बाहेरून यायची वाट बघावी लागायची. आता बिघाडही आमच्याकडेच कायम नोकरीला आहे."